गुळावांचून पुरणपोळी

आमच्या घराण्यांतील माणसें समुद्रापलीकडे जाऊं लागलीं त्याला आतां तीन पिढ्या झाल्या. कोणी विद्येसाठीं गेले, कोणी नोकरीसाठीं गेले. परंतु घरांतील सून कशी आहे आणि तिच्या माहेरीं काय शिजतें, एवढेंच पाहण्यासाठीं समुद्र ओलांडण्याचा प्रसंग आम्हां उभयतांच्याच वांट्यास आला. गेल्या नोव्हेंबरांत, दिवाळी आटोपल्यावर, आम्ही आठ दिवस मॉरिशस बेटावर पुतण्याकडे जाऊन आलों. त्या आठ दिवसांची ही हकीकत आहे. तींत स्थळवर्णन थोडें आणि खाद्यवर्णन फार असा दोष वाचकांस आढळेल. पण तो मीं जाणूनबुजून पतकरला आहे, कारण मला घरून कामगिरीच तशी सांगितलेली होती.

आमच्या थोरल्या जाऊबाईंचा धाकटा मुलगा सहा वर्षांपूर्वीं संगणकाच्या कामासाठीं तिकडे गेला. तेथील सरकारी प्राथमिक शाळेंत मराठी शिकविणाऱ्या एका मुलीशीं त्यानें चार वर्षांपूर्वीं विवाह केला. मुलगी मराठी बोलते, मराठी शिकविते, तिच्या घरीं गणपति बसवितात, एवढें ऐकून आम्हां सर्वांस बरें वाटलें होतें. मात्र तिचे पूर्वज दीडशेंहून अधिक वर्षांपूर्वीं मुंबई बंदरांतून उसाच्या मळ्यावर मजूर म्हणून गेले, आणि ते आपल्या ज्ञातीचे नव्हेत, हें कळल्यावर जाऊबाईंनीं जें मौन धरलें तें लग्न झालें, नात झाली, नात दोन वर्षांची झाली, तरी सुटलें नाहीं. त्या रागावल्या नाहींत, रडल्या नाहींत, कोणाला त्यांनीं बोलहि लावला नाहीं. मुलाचा फोन आला म्हणजे "बरी आहे" म्हणावयाचें आणि यंत्र दुसऱ्याच्या हातांत द्यावयाचें, एवढेंच. पडद्यावर नात दिसूं लागली कीं नेमकें त्याच क्षणीं त्यांना चुलीवरचें दूध आठवे. एकत्र कुटुंबांत उघडें भांडण परवडतें. असलें मुकें भांडण परवडत नाहीं, कारण तें मिटविण्यास कोठून सुरुवात करावी हेंच कोणाला समजत नाहीं. शेवटीं इकडून ठरलें कीं, आपण दोघांनीं तरी जाऊन यावें.

निघण्याच्या आदल्या रात्रीं मी पिशव्या बांधीत असतां जाऊबाई दारांत येऊन उभ्या राहिल्या. नातीसाठीं कांहीं देतील असें मला वाटलें. त्या म्हणाल्या, "तिथें जेवूं नको असें मी म्हणत नाहीं. काय काय जेवलीस तें मात्र येऊन सांग." आणि जातांना संवयीनें दिवा मालवून गेल्या. मी अंधारांतच पिशवीची गांठ मारली.

मुंबईहून विमान सुमारें सहा तासांत मॉरिशसला पोहोंचतें आणि घड्याळ दीड तास मागें घ्यावें लागतें. मादागास्करच्या पूर्वेस सुमारें ८०० किलोमीटरवर, हिंदी महासागरांत, हें बेट आहे. गाडीनें एका दिवसांत प्रदक्षिणा घालतां यावी एवढाच त्याचा विस्तार. डच लोकांनीं १५९८ मध्यें त्याला आपल्या राजपुत्राचें नांव दिलें. १७१५ त फ्रेंच आले, १८१० त इंग्रज आले, आणि १२ मार्च १९६८ रोजीं तो देश स्वतंत्र झाला. इंग्रजांनीं राज्य घेतलें, पण फ्रेंचांचे कायदे व भाषा राहूं दिली. त्यामुळें कचेरींत इंग्रजी, वर्तमानपत्रांत फ्रेंच आणि घरींदारीं क्रिओल अशी तेथील वांटणी आहे. नाणें मात्र रुपयाच, आपल्या रुपयाच्या जवळजवळ दुप्पट मोलाचा. तेथील निळे किनारे, सप्तरंगी माती, पांपलेमूसच्या बागेंतील परातीहून मोठीं कमळपत्रें यांचीं वर्णनें प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांतून वाचकांनीं वाचलींच असतील. त्यांत खोटें कांहीं नाहीं; म्हणूनच मी तीं पुन्हां लिहीत नाहीं.

विमानतळावरून घरीं जातांना उसाच्या शेतांत जागोजाग काळ्या दगडांच्या, मनोऱ्यासारख्या रचलेल्या राशी दिसल्या. हीं देवळें कीं काय, असें मीं विचारलें. सूनबाई म्हणाली, "नाहीं, काकू. शेत करण्यासाठीं लोकांनीं वेंचून काढलेले दगड आहेत." ते लोक म्हणजे कोण हें तिनें सांगितलें नाहीं, आणि मलाहि तें दोन दिवसांनंतरच उमगलें. तिची मराठी पुस्तकांतून घडलेली आहे. ती "कृपया" म्हणते, "अवश्य" म्हणते. आमच्या वाड्यांतील शिकलेलीं मुलें "प्लीज" म्हणतात. आमची स्वारी तिच्याशीं बोलतांना पहिले दोन दिवस उगीचच शुद्ध बोलूं लागली होती.

मुलगी मोठी गोड आहे. तिला क्रिओल कळतें, मराठी कळतें, आणि दोन्ही भाषांत "नको" हा एकच शब्द ती चालविते. परंतु तिच्याविषयीं लिहीत बसलें तर मूळ काम राहील.

पहिल्या सकाळीं न्याहारीस फ्रेंच पद्धतीचा लांब पाव, त्याला लोणी आणि आंत वाटल्या डाळीचे चार लहान वडे, असा पदार्थ समोर आला. त्याचें नांव "गातो पिमाँ", म्हणजे मिरचीचा केक. नांव फ्रेंच, पण जिभेला ओळख पटावयास घांसभरहि वेळ लागला नाहीं; हा आपला डाळवडा. भिजविलेली डाळ भरड वाटून, तींत हिरवी मिरची, कांद्याची पात व कोथिंबीर घालून तळलेला. पावांत लोणी लावून वर वडा ही कल्पना मला विचित्र वाटली होती, ती दुसऱ्या वड्यापर्यंत टिकली. बरोबर चहा होता व त्याला व्हॅनिलाचा वास होता. तो मात्र शेवटपर्यंत मला रुचला नाहीं. चहाला आल्याखेरीज दुसरा वास यावा हें आमच्या पिढीस जमणार नाहीं.

मग राजधानी पोर्ट लुईचा बाजार. तेथील भाजीवाल्यांच्या तोंडीं आपल्या अर्ध्या हिंदुस्थानच्या भाज्या आहेत. कोथिंबिरीस "कोतोमिली" म्हणतात आणि कढीलिंबास "कारीपुले"; हे दोन्ही शब्द तामिळ लोकांबरोबर गेलेले. पालेभाजी म्हणजे "ब्रेद". शेवग्याचा पाला "ब्रेद मुरूम" आणि अळू "ब्रेद सोंज". पाल्याचें पातळ सार करून तें भातावर ओतून जेवणें हा तेथील गरिबांचा व आतां श्रीमंतांचाहि रोजचा आहार आहे. नीरफणस पाहून मला कोंकणांतील परसू आठवलें. तेथें त्याच्या काचऱ्या तळून विकतात. कोंवळ्या फणसाची भाजी तर थेट आपली. दूध, सब्जा आणि चायना ग्रासच्या जेलीचे तुकडे घातलेलें "आलूदा" नांवाचें गार पेय बाजारांत मोठ्या हौसेनें पितात. फालुदाच तो, फक्त साखर दुप्पट. साखरेच्या बेटावर साखरेचा हात आंखडता असावा ही अपेक्षाच चूक होती म्हणा.

परंतु ज्या वस्तूसाठीं मी हा लेख लिहावयास घेतला ती बाजाराच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, कांचेच्या पेटींत होती. तिचें नांव डाळपुरी. तेथील उच्चार "दोलपुरी". मॉरिशसच्या लोकांस राष्ट्रीय पक्वान्न कोणतें असें विचारलें तर हिंदु, मुसलमान, चिनी आणि आफ्रिकन वंशाचे सारे हिचेंच नांव घेतात. सकाळीं कचेरीस जाणारे लोक उभ्या उभ्या ती खातात. एक कोणी मागत नाहीं, जोडीच द्यावयाची. दोन मऊ, पातळ, पिवळसर पोळ्या एकमेकींवर ठेवून, त्यांवर मोठ्या पांढऱ्या पावट्यासारख्या दाण्यांची रसभाजी, टोमॅटोचें "रुगाय" नांवाचें दाट कालवण, हिरवी चटणी आणि तिखट घालून विक्रेता कागदांत अशा सफाईनें गुंडाळतो कीं, एक थेंब सांडत नाहीं. आमच्यावर सांडले, पण तो दोष आमचा.

पहिला घांस घेतला आणि मी चालतां चालतां थांबलें. पोळी उघडून पाहिली. आंत हळद घालून शिजविलेल्या डाळीचें कोरडें, पिठासारखें पुरण होतें. स्वारीनें विचारलें, "काय झालें?" मीं म्हटलें, "पुरणपोळी आहे. गूळ घालावयाचा राहिला आहे."

ही थट्टा होती, परंतु सूनबाई हंसली नाहीं. ती म्हणाली, "काकू, गूळ त्यांना मिळत नव्हता." मग ती आम्हांला तेथून दहा मिनिटांच्या वाटेवर, बंदराच्या कांठीं घेऊन गेली.

त्या जागेस आप्रवासी घाट म्हणतात. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं "ॲटलस" नांवाचें जहाज हिंदी मजुरांना घेऊन या बेटावर आलें. पुढील वर्षीं तेथील गुलामगिरी कायद्यानें बंद झाली. मळेवाल्यांना तर माणसें हवींच होतीं. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून सुमारें साडेचार लाख माणसें करारावर तेथें उतरविण्यांत आलीं. घाटावरील दगडी पायऱ्या आणि कांहीं इमारती अद्याप उभ्या आहेत. युनेस्कोनें २००६ मध्यें त्यांना जागतिक वारशाच्या यादींत घेतलें. २ नोव्हेंबरला सबंध देशास सुट्टी असते. आम्ही गेलों तो तोच दिवस, आणि लोक नवीं वस्त्रें नेसून पायऱ्यांवर फुलें ठेवीत होते. कराराच्या अटी ऐकल्या त्या अशा: मुदत पांच वर्षें, पुरुषास दरमहा ५ रुपये, आणि शिध्यास तांदूळ, डाळ, थोडें तूप व मीठ. एक दिवस कामावर गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापावयाचा. शिध्याच्या या यादींत डाळ आहे आणि गूळ नाहीं. ज्यांच्या हातून साऱ्या जगाची साखर निघाली त्यांच्या पोळींत ती आली नाहीं, हें त्या पायऱ्यांवर उभें राहून ऐकलें म्हणजे थट्टा घशांत अडकते.

तिसऱ्या दिवशीं सूनबाईच्या आजीच्या घरीं जेवणाचें बोलावणें होतें. पश्चिमेच्या ब्लॅक रिव्हर जिल्ह्यांत एक लहानसें खेडें. घरापुढें तुळस, मागें पपई आणि भिंतीवर गणपतीची व फुटबॉलच्या संघाची अशा दोन तसबिरी. आजींचें वय ऐंशीच्या पुढें. मराठीचीं वाक्यें त्यांना येत नाहींत, परंतु शब्द येतात, आणि आरत्या सर्व येतात. गणेशोत्सवांत तेथील मराठी मंडळी झाकरी नांवाचा नाच करतात. रत्नागिरीकडील जाखडीच ती. आजींनीं बसल्या बसल्या तिचा ताल हातांनीं धरून दाखविला. आपल्याकडे ती पाहण्यासाठीं आमचे लोक हल्लीं तिकीट काढतात.

स्वयंपाकघरांत मी गेलें तों चुलीवर कोरा करकरीत तवा दिसला, त्यावरचा कागदाचा डाग अजून गेलेला नव्हता. आजींनीं त्याकडे बोट केलें आणि एक एक शब्द शोधून म्हणाल्या, "हा तवा. मासे नाहीं." त्या घरीं मासे शिजतात. पुतण्यानें केव्हां तरी सांगितलें असावें कीं, आपल्या आईस चालत नाहीं. आई येणार नव्हती. आली होती काकू. तरी तवा आईसाठीं म्हणून आणलेला होता. मला काय बोलावें तें सुचेना. मीं पदर खोंचला आणि लाटणें मागून घेतलें.

आतां कृति सांगतें. हरभऱ्याची किंवा पिवळ्या वाटाण्याची डाळ हळद घालून शिजवावी, पण गाळ होऊं देऊं नये. दाणा बोटानें दाबला असतां मोडावा, पसरूं नये. मग ती पूर्ण निथळून, कोरडी करून, भाजलेल्या जिऱ्याबरोबर व मिठाबरोबर बारीक वाटावी. पुरण हातांत भुकटीसारखें सुटें राहिलें पाहिजे. डाळीचें निथळलेलें पिवळें पाणी टाकावयाचें नाहीं. त्यांतच थोडें तेल घालून मैदा सैल भिजवावयाचा. उंड्यांत पुरण भरून पोळी इतकी पातळ लाटावयाची कीं, खालचा पाट दिसावा. गूळ नसल्यामुळें पुरणाला चिकटपणा नसतो आणि तें कडेकडे पळतें. माझ्या पहिल्या तीन पोळ्या फुटल्या. आजी माझ्या हाताकडे पाहत होत्या. त्यांनीं माझ्या हातांतील लाटणें घेतलें नाहीं, फक्त आपल्या बोटांनीं उंडा जरा अधिक दाबून दाखविला. चौथी पोळी साधली. चाळीस वर्षें पुरणपोळ्या लाटल्याचा माझा अभिमान त्या ओट्यावर उतरला, आणि खरें सांगावयाचें तर मला त्यांत सुखच झालें.

सणावारीं हीच पोळी तांदळाच्या खिरीबरोबर खातात. त्या खिरीस तेथें "लाखीर" म्हणतात. जेवणाच्या शेवटीं उकडलेलें रताळें व मैदा एकत्र मळून, आंत ओलें खोबरें, साखर व वेलदोडा भरून तळलेले अर्धचंद्र आले. त्यांचें नांव "गातो पतात". करंजी ती करंजी! उपासाच्या दिवशीं रताळ्याचे अनेक प्रकार मीं केले आहेत, पण हें सुचलें नव्हतें. मीं पांच खाल्ल्या. स्वारीनें किती खाल्ल्या हें लिहिण्यास मला मनाई आहे.

जेवणें झाल्यावर आजींनीं कपाटांतून प्लास्टिकच्या पिशवींत जपलेला एक कागद काढला. मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्यें मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेविल्या आहेत, आणि वंशजांस त्यांतील उतारे मिळतात. आजींच्या पणजोबांची नोंद १८५८ सालची. आधीं क्रमांक, मग नांव. पुढें बापाचें नांव, जें आतां त्या घराण्याचें आडनांव झालें आहे. वय २२. उंची. अंगावरील खूण: उजव्या भुवईवर व्रण. जात: मराठा. जिल्हा: रत्नागिरी. कां आला, याला रकाना नाहीं.

रत्नागिरी हा शब्द वाचून सर्वांनीं आनंदानें आमच्याकडे पाहिलें. आमचें सासरचें घराणें रत्नागिरी जिल्ह्यांतलेंच, हें पुतण्यानें सांगितलेलें होतें. त्यानें जें सांगितलें नव्हतें, किंवा त्याला ठाऊकहि नसेल, तें असें कीं, आम्ही तेथले खोत. १९४९ च्या कायद्यानें खोती गेली, आणि लहानपणीं मीं तिच्याविषयीं जें ऐकलें तें सारें आमचें कसें नुकसान झालें याचेंच. अर्धेल कुळाच्या खळ्यावरून पिकाचा निम्मा भाग खोताच्या घरीं येई, हें मात्र कोणी गोष्ट म्हणून सांगितलें नाहीं. तें भांड्यांच्या फडताळासारखें घरांत होतेंच. उजव्या भुवईवर व्रण असलेला तो बावीस वर्षांचा मुलगा आमच्याच गांवचा होता असें मी म्हणत नाहीं. नोंदींत गांवाचें नांव असें लिहिलें आहे कीं, तें कोठलेंहि असूं शकेल. परंतु कोणत्या तरी खोताच्या खळ्यावरून तो निघाला असेल, आणि निघतांना त्याच्या पोटांत निम्मेंच असेल, हा विचार कांहीं केल्या जाईना. स्वारीनें तो कागद बराच वेळ हातांत धरला होता. मग चष्मा पुसला आणि आजींना वांकून नमस्कार केला. आजी गडबडून उठून उभ्या राहिल्या. वयानें वडील असल्या तरी ब्राह्मणानें नमस्कार केलेला त्यांना नवा होता, असें सूनबाई मागाहून म्हणाली.

बाकीचे दिवस भराभर गेले. गंगा तलाव पाहिला, साखरेच्या जुन्या कारखान्यांतील संग्रहालय पाहिलें, समुद्रांत पाय बुडविले. निघतांना आजींनीं दोन डाळपुऱ्या कागदांत बांधून दिल्या. त्या विमानांतच संपल्या.

घरीं आल्यावर जाऊबाईंनीं चार दिवस कांहीं विचारलें नाहीं. पांचव्या दिवशीं संध्याकाळीं आम्ही दोघी तांदूळ निवडीत बसलों असतां मी आपण होऊनच सुरुवात केली. पहिल्या दिवसाच्या वड्यांपासून सर्व सांगितलें. त्या मान खालीं घालून खडे काढीत होत्या. नव्या तव्याचें सांगितलें तेव्हां त्यांचा हात थांबला. कागदाचें सांगितलें, खोतीचेंहि बोललें, जें आमच्या घरांत बोलण्याची रीत नाहीं. त्यांनीं होय म्हटलें नाहीं, नाहीं म्हटलें नाहीं. शेवटीं डाळपुरीची कृति सांगितली. बराच वेळ गेल्यावर त्या म्हणाल्या, "डाळीच्या पाण्यांतच पीठ भिजवितात म्हणतेस. मग कटाची आमटी कशाची करतात?"

"तें मीं विचारलें नाहीं," मीं म्हटलें.

"एवढी समुद्र ओलांडून गेलीस, आणि हें विचारलें नाहींस?"

त्यांनीं ताट बाजूला सारलें, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलें. सात वाजले होते. "तिकडे साडेपांच," त्या स्वतांशींच म्हणाल्या. "शाळेंतून आली असेल." दीड तासाचें गणित त्यांना करावें लागलें नाहीं. खुंटीवरच्या पिशवींतून फोन काढून त्यांनीं तो आपल्या हातांनीं लावला, आणि पलीकडून आवाज येतांच, कोण कुठलें कांहीं न सांगतां, एकदम विचारलें, "अग, कटाचें काय करतां तुम्ही?"